जुन्या फियाटला 'सिक्युरिटी' बसवतो म्हणून आला आणि गाडीच सोलून काढली, सोलापूरकरांनो सावध राहा

ज्यांच्या घरी जुनी फियाट, अँबेसेडर, स्टँडर्ड, जीप असं काही जपून ठेवलेलं आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट या भागात अशा गाड्या अजून बऱ्याच घरात आहेत आणि हा माणूस फक्त आमच्याकडे येऊन थांबला असेल असं मला वाटत नाही.

आमची गाडी १९६९ची फियाट ११०० डिलाइट, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे हीच गाडी पद्मिनी नावाने विकली गेली. आजोबांचा चादरीचा कारखाना होता तेव्हा त्यांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन, हँड गिअर, आणि पार्ट जवळजवळ सगळे मूळचे. दसऱ्याला, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी आणि घरातल्या लग्नांना बाहेर निघते, बाकी रेल्वे लाईन्सच्या घरी कंपाउंडमध्ये झाकून असते. आरसी आता बाबांच्या नावावर आहे.

तो माणूस आम्हाला होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात भेटला, नवरदेवाची गाडी म्हणून आमची फियाट सजवून उभी होती. बॉनेटवर हात न ठेवता, थोडं लांब उभं राहून बघत होता, बाबांना तेच फार आवडलं कारण बाकी सगळे टेकून सेल्फी काढत होते. बोलायला लागला तर सगळं बरोबर बोलायचा, डेल्को (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर), कटआऊट, डायनामो, बीडिंग कुठलं ओरिजनल कुठलं डुप्लिकेट, मोबाईलमध्ये पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांचे ढीगभर फोटो, आणि बाबांना पहिल्या वाक्यापासून 'काका' म्हणायला लागला. मग म्हणाला काका तुमच्या गाडीला स्टेअरिंग लॉक नाही, त्रिकोणी काचेची खिटी सैल आहे, बाहेरून चपटी पट्टी घातली की दोन मिनिटात दार उघडतं, आणि या गाड्यांच्या चाव्या इतक्या झिजलेल्या असतात की एकाची दुसऱ्याला लागते. हे सगळं खरंच होतं. म्हणून तर विश्वास बसला.

मग त्याने पॅकेज सांगितलं. जीपीएस ट्रॅकर, डॅशखाली लपवलेला, इंजिनचा करंट तोडणारा कट-ऑफ स्विच, नवीन इग्निशन लॉक, आणि वर विंटेज नोंदणी पण करून देतो म्हणाला. सगळ्याचे ४५ हजार, त्यातले ३० आधी, त्यात नोंदणीची सरकारी फी २० हजार धरलेली. गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एका भाड्याच्या शेडमध्ये नेली, कारण म्हणे वायरिंगला वेळ लागतो आणि उघड्यावर काम केलं तर रंगाला धक्का लागतो. तिथे बाबा गेले की हा चहा मागवायचा, बॉनेट बंद, डॅश उघडा, वायरी लोंबतायत, म्हणजे काम चालू आहे असंच दिसायचं.

नोंदणीच्या कागदांच्या वेळी पहिल्यांदा खटकलं. सह्या करायला जो गठ्ठा आणला त्यात फॉर्म २९ आणि ३० होते, कोरे. आमच्या काकांनी आयुष्यभर ट्रान्सपोर्टचं काम केलंय, त्यांनी बघताक्षणी विचारलं की हे तर गाडी विकतानाचे फॉर्म आहेत, ह्याचा इथे काय संबंध ओ? तो हसून म्हणाला चुकून आले, दुसऱ्या पार्टीचे आहेत. हे नीट समजून घ्या. २०२१ला केंद्राने जो नियम काढला त्याप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, अर्ज फॉर्म २० वर असतो, नवीन नोंदणीची फी २० हजार आणि पुनर्नोंदणीची ५ हजार, आणि नवीन नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. ज्या गाडीची आधीच नोंदणी आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. यात २९-३० कुठेच येत नाहीत. त्या दोन फॉर्मवर सही आणि सोबत ओरिजनल आरसी मिळाली की तुमची गाडी कागदावर दुसऱ्याची करायला निम्मं काम झालं. ओरिजनल आरसीसुद्धा तो 'ट्रॅकरच्या रजिस्ट्रेशनला' मागत होता, बाबांनी झेरॉक्स दिली, आणि हे फार बरं झालं.

गाडी परत आली. बाहेरून चकाचक. पण उभ्या गाडीत इंजिनची रेसिंग एकसारखी खालीवर, सिग्नलला थांबली की बंद, पेट्रोलचा वास. फोन केला तर म्हणे नवीन वायरिंग आहे, सेट होईल.

आणि मग ती रात्र. पहाटेच्या अंधारात काकूला सेल्फचा आवाज आला, खर्र खर्र खर्र, थांबून परत खर्र खर्र. ती ओरडली, लाईट लागले, दोघं कंपाउंडवरून उडी मारून पळाले, बाहेर बाईक तयार होती. गाडी जागेवरच. वाचली ती फक्त एका गोष्टीमुळे, बाबांची जुनी सवय आहे की गाडी उभी करून ठेवायची असली की डेल्कोची टोपी काढून आतला रोटर काढून घ्यायचा. दोन क्लिपा दाबल्या की टोपी निघते, रोटर हाताने वर ओढला की येतो, खिशात मावतो. रोटर नसला की सेल्फ कितीही मारा, प्लगपर्यंत करंटच जात नाही. हे त्या माणसाला बाबांनी कधी सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

सकाळी बघितलं तर इग्निशन लॉकवर एक ओरखडा नाही, म्हणजे चावी होती. लॉक नवीन, चाव्या आमच्या हातात दोनच दिलेल्या. आणि डॅशखालचा तो लपवलेला स्विच चालू केलेला. त्याची जागा आम्ही घरचे आणि बसवणारा सोडून कुणाला माहीत होती? ट्रॅकरच्या ॲपवर त्या रात्रीचं काहीच दिसत नव्हतं, डिव्हाइसच ऑफलाइन. कस्टमर केअरला फोन केला तेव्हा कळलं की अकाउंटचा मुख्य नंबर बाबांचा नाहीच, त्या माणसाचाच आहे, बाबांना फक्त 'बघायची' परवानगी दिलेली. म्हणजे गाडी कुठे आहे, घरी कधी असते, झाकून कधी ठेवतात हे सगळं तो घरबसल्या बघत होता आणि ट्रॅकरची वायर कुठून जाते हेही त्यालाच माहीत. चोरी होऊ नये म्हणून आपण पैसे मोजून बसवलेली वस्तू चोराच्या हातात दिलेली होती, आजही हे लिहिताना माझा जीव जळतो.

त्याच दिवशी आमचे जुने मिस्त्री, चाचा, आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "साहेब, ह्यो कार्बोरेटर आपला न्हाय. मी स्वतः खोलून साफ केलेला, मला माहीत न्हाय का?" आमचा सोलेक्सचा ओरिजनल काढून तिथे कुठलातरी भंगारातला घासूनपुसून बसवलेला. डायनामो बदललेला. चार व्हील कप बदललेले, नवीन चकचकीत, आमच्या एकावर पोचा होता तो पोचा गायब. डिकीतला मूळ जॅक आणि पान्यांची पिशवी गायब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेसिस नंबरची जी छोटी पत्र्याची प्लेट असते तिचा एक रिव्हेट उडवलेला होता, दुसऱ्याच्या डोक्यावर ड्रिलचा अर्धवट खड्डा, आजूबाजूचा जुना रंग ताजा खरवडलेला. काम पूर्ण करायला वेळ मिळाला नसावा. ती प्लेट आणि कागद हातात आले की दुसरी एखादी चोरीची गाडी आमची म्हणून उभी करता येते, आणि आमची गाडी आरटीओत तपासणीला गेली की आरसीवरचा नंबर आणि गाडी जुळत नाही म्हणून अडकणार आम्हीच. जुनी गाडी असेल तर आज घरी जाऊन आधी ते रिव्हेट बघा. जुन्या रिव्हेटवर जुनाच रंग असतो, नवीन असेल तर लगेच कळतं.

पोलीस स्टेशनला सुरुवातीला एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतो म्हणाले, चोरी झालीच नाही गाडी तर आहे ना, असं. परवानगीशिवाय गाडीच्या यंत्रणेशी छेडछाड हे मोटार वाहन कायद्याचं कलम १९८, त्याला दंड हजार रुपये, बस. पण इथे पैसे घेऊन फसवलंय, विश्वासाने ताब्यात दिलेल्या गाडीतला माल काढून घेतलाय, म्हणजे भारतीय न्याय संहितेची ३१८ आणि ३१६ लागतात, हे आमच्या वकिलांनी लेखी दिलं आणि मग एफआयआर झाला. नोंद घेतच नसतील तर पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार पाठवता येते. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो चाचांच्या मोबाईलचा, मागच्या वेळी कार्बोरेटर खोलला तेव्हा त्यांनी जुळवताना चूक नको म्हणून जवळून फोटो काढलेले, त्यात त्यावरचा नंबर स्वच्छ वाचता येतो. आणि चुलत बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये पोचा असलेला व्हील कप. हे नसतं तर कार्बोरेटर आमचा होता हे कशावरून, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता जे केलंय ते सांगतो. इंजिन नंबर, चेसिस नंबर यांची पेन्सिल प्रिंट घेऊन आरसीच्या झेरॉक्सला जोडून ठेवली. प्रत्येक मोठ्या पार्टचा फोटो, आणि आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, बारीक कोरून खूण. सगळी वायरिंग चाचांसमोर उघडून नवीन लॉक, कॉइलच्या वायरीवरचा स्विच दुसरीकडे, जागा फक्त घरात माहीत. ट्रॅकर नवीन, सिम आणि अकाउंट बाबांच्या नंबरवर, पासवर्ड आम्ही टाकलेला, फक्त लक्षात ठेवा की ट्रॅकर सतत थोडा करंट खातो, गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर बॅटरी उतरते आणि ट्रॅकरही झोपतो, त्यामुळे अधूनमधून चार्जिंग लागतंच. आरसी जुन्या पुस्तकातली होती ती आरटीओत ऑनलाइन चढवून घेतली आणि मोबाईल नंबर जोडला. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी होता, त्यात चोरी धरतच नाहीत, ५ वर्षांपेक्षा जुन्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, ती ठरवून फुल घेतला. रोटर अजूनही बाबांच्या कपाटात जातो.

कार्बोरेटर आणि डायनामो अजून मिळालेले नाहीत, त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे आणि शेडच्या मालकाला त्याने दिलेला पत्ताही खोटा निघाला. वयाने पस्तिशी-चाळिशीचा, गोड बोलणारा, जुन्या गाड्यांची खरी माहिती असलेला, सिक्युरिटी आणि विंटेज नोंदणी एकत्र करून देतो म्हणणारा असा कोणी तुमच्याकडे आला तर गाडी त्याच्या जागेवर पाठवू नका, काम तुमच्या दारात तुमच्या मिस्त्रीसमोर करायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर जवळच्या पोलीस स्टेशनला कळवा, आमचा एफआयआर सोलापूर शहरात दाखल आहे. सोलेक्सचा जुना कार्बोरेटर किंवा फियाटचा डायनामो कोणी बिलाशिवाय विकायला आणला तर घेण्याआधी त्यावरचा नंबर बघून फोटो काढून ठेवा.