टेलि-मानस १४४१६ : पावसाळ्यातल्या माझ्या जागरणांवर झालेला उपयोग

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचा खालचा मजला सगळा पाण्यात होता, रंग दिला तरी जिन्याजवळ ती पाण्याची रेघ अजून दिसते. तेव्हापासून जून लागला की माझं डोकं सुरू. कोयना धरणातून पाणी किती सोडलं, अलमट्टी धरणात काय चाललंय, ४० फूट इशारा, ४५ धोका, आता किती, रात्री तीन वाजता उठून मोबाईलवर तेच बघायचं आणि पाणी २० फुटांवर असलं तरी मनात मी सामान वर चढवतच असायचे. सकाळी जेवण जात नाही, पोटात गोळा, लेकरावर उगाच ओरडणं आणि मग त्याचंच वाईट वाटून रडू. आत्या (सासूबाई) म्हणायच्या, अगं विचार करून पाणी थांबतंय का. ते मलाही कळतंच की, पण थांबता येत नव्हतं.

आधी एका ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते, सगळं इंग्रजीत, दोन दिवसांत बंद केलं. मग ह्यांनीच १४४१६ लावून दिला. टेलि-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोन सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, फुकट आणि २४ तास. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या, घाई केली नाही, मधे मी रडले तर गप्प थांबल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्यांदाच नीट समजलं. पुराची तयारी करणं वेगळं आणि पूर डोक्यात परत परत आणणं वेगळं, दुसऱ्यात हातून काम काहीच होत नाही पण शरीराला वाटतं संकट आत्ताच आलंय, म्हणून छाती धडधडते, झोप उडते, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी विचार अजून वाढतात. उपाय म्हणून रोज संध्याकाळी सहाला वीस मिनिटं फक्त काळजीची ठेवायला लावली, वही घेऊन. एका बाजूला माझ्या हातातलं: कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, आत्यांच्या गोळ्या, सिलिंडर वर न्यायला कोण येणार. दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं: धरणाचा विसर्ग. पातळी बघायची ती पण सकाळ-संध्याकाळ दोनदाच. रात्री जाग आली तर स्वतःला सांगायचं, ह्याची वेळ सहाची.

पहिला आठवडा काही जमलं नाही खरं सांगते, सहाला वही उघडली की अजूनच घाबरायला व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात एकदा सलग पाच तास झोपले. पोटातला गोळा अजून येतो, पाऊस जोरात लागला की येतोच, पण लेकरावर ओरडणं बरंच कमी झालंय.

फोनवर सगळं बरं होईल असं समजू नका. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टर लागतात, आणि ते पण इथूनच सुचवतात. माझ्याकडून पाच स्टार.

शेजारच्या वहिनींना नंबर लिहून दिलाय. त्या पण रात्री गॅलरीत उभ्या दिसतात. अजून त्यांनी लावलेला नाही, रविवारी मी त्यांच्याकडं जाऊन शेजारी बसून लावून देणार आहे.