एलिफंट नेचर पार्क, चियांग माय : पैसे भरून लीद उचलायला जायचं का?

एलिफंट नेचर पार्क म्हणजे थायलंडमधलं, सोडवून आणलेल्या हत्तींना सांभाळणारं ठिकाण. आधीच सांगते, हत्तीवर बसायचंय किंवा नदीत त्याच्या अंगावर बादलीने पाणी मारत रील काढायचंय असं डोक्यात असेल तर इथे पैसे घालवू नका. इथे बसू देत नाहीत, अंघोळही घालू देत नाहीत, बऱ्यापैकी लांबूनच बघायचं. आणि व्हॉलंटियर म्हणून गेलात तर त्याच हत्तींची लीद उचलायची, चारा कापायचा, कलिंगडं धुवायची आणि ह्याचे पैसे तुम्हीच द्यायचे. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अगं गोठा गावातल्या घरी पण आहे की, तिकडे ये आठवडाभर. तरी वहिनी आणि मी गेलो आणि माझ्या मते पैसे वसूल.

जागा चियांग मायच्या उत्तरेला मे तेंगच्या खोऱ्यात, शहरातून गाडीने तास-दीड तास. लेक चायलर्ट नावाच्या बाईंनी १९९०च्या दशकात हे उभं केलं, २००५ मध्ये टाइम मासिकाने त्यांना आशियातल्या हिरोंच्या यादीत घेतलं होतं. आता थायलंडमध्ये इतके हत्ती वाऱ्यावर आले कुठून, तर १९८८ ला दक्षिणेत भयंकर पूर आला, बोडक्या झालेल्या डोंगरांवरून चिखल आणि लाकडाचे ओंडके गावांवर आले, मग १९८९ ला सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. बंदी योग्यच, पण ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार. मग कुणी बँकॉकच्या रस्त्यांवर हत्ती घेऊन भीक मागायला लागला, कुणी टुरिस्टांना पाठीवर फिरवायला. इथले बरेच हत्ती त्यातूनच आलेत, काही आंधळे, कुणाचा खुबा मोडलेला, सीमेवरच्या भूसुरुंगाने पाय जायबंदी झालेलेही.

कामं रोज बदलून देतात. लिदीचं काम ऐकायला वाटतं तेवढं घाण नाही, नुसता चोथा असतो, वास पण फार नाही, पण उन्हात फावडं मारून कंबर जाते. मक्याचा चारा कापायला शेतात नेतात तेव्हा फुल बाह्यांचा शर्ट घालाच, पानांनी हात ओरबाडून निघतात. मोठा हत्ती दिवसाला दीड-दोनशे किलो खातो आणि इथे शंभराहून जास्त हत्ती, त्यामुळे कलिंगडं-भोपळ्यांचे ट्रक येतच राहतात, ओळीत उभं राहून हातोहात उतरवायचे.

मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघर. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात, शेवटचा झिजला की संपलं, चावताच येत नाही. म्हणून म्हाताऱ्या हत्तींसाठी चिकट भात, केळी, भोपळा असलं सगळं एकत्र मळून दिवाळीला वळतो तसे लाडू वळायचे, फक्त एकेक लाडू ओंजळभर. माहुताने टोपली पुढे ठेवली तर एका आजीबाईंनी सोंडेने पहिला लाडू उचलला, दाबून बघितला, बाजूला टाकला, दुसरा घेतला आणि डोळे मिटून खात बसल्या. टाकलेला पण शेवटी खाल्लाच म्हणा. आम्ही दोघी कुंपणाच्या अलीकडून बघत होतो आणि खरं सांगते, हात लावायची आठवणसुद्धा झाली नाही.

हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे हत्ती म्हणजे देव, दारात आला की नारळ द्यायचा, सोंडेखाली डोकं धरायचं. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला २०२५ मध्ये गुजरातमधल्या वनतारा प्राणी केंद्रात नेलं तेव्हा कोल्हापूर भागात केवढं रान पेटलं होतं, ती माया काही खोटी नव्हती. पण मायेने हत्तीच्या पायांचं आणि एकटेपणाचं काय होतं हा प्रश्न मला इथे आल्यावरच नीट पडला. हत्ती कळपातला प्राणी आहे, इथे दोन-तीन म्हाताऱ्या एकमेकींना सोडून हलत नाहीत.

शहरात एका एजंटने आम्हाला 'सँक्च्युअरी' म्हणून दुसराच कॅम्प विकायचा प्रयत्न केला, अर्धा दिवस, अंघोळ आणि चिखलात फोटो गॅरंटीड. बोर्डावर एथिकल लिहिलेलं, पण दिवसभर बॅचेस लागतात तिथे हत्तीला नको म्हणायची सोय कुठे आहे? बुकिंग करताना एवढं एकच विचारा.

जेवण पूर्ण शाकाहारी आणि चिकार प्रकार. थायलंडमध्ये भाजी मागितली तरी फिश सॉस पडलेला असतो, इथे ते टेन्शन नाही, वहिनीने मसामन करी रोज दोनदा घेतली. खोल्या साध्या, डास भरपूर, ओडोमॉस न्या. हत्तींची भीती वाटत असेल तर कुत्र्यांकडे व्हॉलंटियरिंग करता येतं, २०११ च्या बँकॉक पुरात वाचवलेल्या कुत्र्यांपासून ते सुरू झालं, आता शेकड्याने आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पार्कमध्येच पूर शिरला, दोन हत्ती गेले. त्यामुळे पावसाळ्याचे शेवटचे महिने मी तरी टाळेन. फेब्रुवारी ते एप्रिलही नको, शेतं आणि जंगलं जाळतात, त्या धुराने चियांग मायची हवा पार वाईट होते, दमा असेल तर विचारच करू नका. नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट, थंडी पण छान, फक्त बुकिंग लवकर करा. आठवड्याचे राहणं-खाणं धरून तीस हजार रुपयांच्या वर पकडून चाला, विमान वेगळं.