ब्रिज बेस ऑनलाइन: मिक्स्ड पेअर्सवाल्यांनी टाकाच मोबाईलवर

ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या या ॲपमुळं बेळगावच्या टिळकवाडीत घरी बसून वर्ल्ड लेव्हलचा ब्रिज बघायला मिळतो हेच लई मोठं आहे बघा. बायको आणि मी रात्री जेवणं झाली की यावर पेअर म्हणून बसतो, आमच्याकडं मेंढीकोट घरोघरी येतो त्यामुळं हुकूम काय, हात काय हे सांगावं लागत नाही, बिडिंग, म्हणजे किती हात काढणार याची आधी लावायची बोली, मात्र नव्यानं शिकायला लागतं आणि खरी मजा तिथंच आहे. मिक्स्ड पेअर्स म्हणजे जोडीत एक बाई एक पुरुष, आणि डुप्लिकेट असल्यामुळं तेच पत्ते बाकीच्या टेबलांवर पण खेळले जातात, म्हणजे नुसते चांगले पत्ते आले म्हणून कोण जिंकत नाही, दुसऱ्यांपेक्षा एक हात जादा काढलात तरी मार्क वाढतात. मोठ्या स्पर्धांचे डाव लाइव्ह दिसतात, चौघांचेही पत्ते उघडे, तेही फुकट. शिकणाऱ्यानं आधी हेच बघावं. 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये आपल्या मिक्स्ड टीमनं ब्राँझ आणलं, तरी इकडं त्याची चर्चाच नाही, वाईट वाटतं. खानापूर, निपाणीकडच्या जोडप्यांनी जरूर खेळून बघा, पार्टनर नसला तर रोबोटबरोबर सराव होतो.