चेनसॉसाठी चॅप्स की खास पॅन्ट?
कोकणात बागायतदारांकडे चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळीची करवत) सर्रास दिसतो, पायात मात्र साधी पॅन्टच. हे बदलायलाच हवं.

चॅप्स, म्हणजे करवतीपासून पाय वाचवणारे जाड पडदे, नेहमीच्या पॅन्टवरून पट्ट्यांनी बांधायचे. घामाच्या दिवसांत तेच सोयीचे. अधूनमधून फांद्या तोडणाऱ्याला मी तेच सुचवेन. पण पट्टे सैल राहिले की चॅप्स फिरतात, झुडपात अडकतात आणि पोटरी मागून बहुधा उघडीच राहते. रोज उतारावर काम असेल तर खास पॅन्टच घ्या. उकडतं खरं, पण तिच्या ‘सी’ (Type C) प्रकारात पायाला मागूनही संरक्षण मिळतं.

आतली युक्ती दोन्हींत एकच: वरचं कापड फाटताच लांब धागे साखळीबरोबर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात, साखळी अडकते. क्लास 1 या संरक्षण-श्रेणीची चाचणी साखळीच्या सेकंदाला 20 मीटर वेगाने होते. एकदा कट बसला की शिवून वापरू नका, नवीन घ्या.