काळ्या मातीतलं आमचं पहिलं घर: 10 महिने राहिल्यावरचा अनुभव

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेला, 30 एप्रिल 2025 ला, आम्ही हिंगणघाटच्या (वर्धा जिल्हा) बाहेरच्या एका लेआउटमध्ये राहायला आलो, आता 10 महिने होऊन गेले. घर शोधत होतो तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, पण जो तो किंमत आणि हप्ता सांगे, राहून कसं वाटते ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून जरा लांबच लिहून राहिले.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात. मी नर्स आहे, ड्युटी हिंगणघाटला, मिस्टर जिनिंगमध्ये. सहा वर्षं भाड्यानं काढली, दर अकरा महिन्यांनी घरमालकाचं तोंड बघायचं आणि पोराची शाळा जवळ राहील का याची काळजी करायची. वणा नदीकडचे स्वस्त प्लॉट आम्ही आधीच सोडले होते, पुराचं पाणी पाहिलेलं आहे. मग हे रो हाऊस मिळालं, 1200 चौरस फूट प्लॉट, दोन बेडरूम, मागे थोडी मोकळी जागा, 26 लाख.

पैशाचं आधी सांगते. खरेदी माझ्या एकटीच्या नावानं केली, कारण आपल्या राज्यात घर बाईच्या नावानं घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव सोबत टाकलं की ती जाते. आमचे त्यात 26 हजार वाचले आणि रजिस्ट्रेशनची फीसुद्धा 1 टक्काच (30 हजारांच्या वर जात नाही), तर तिकडचे इकडे कामी आले. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्री, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मीटर, खिडक्यांच्या ग्रिल हे सगळं खिशातूनच जाते, ते आधीच बाजूला काढून ठेवा. आम्ही कर्ज 20 लाखांचंच घेतलं, 20 वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता 17,356. पहिल्या हप्त्यात 14,167 व्याज आणि मुद्दल फक्त 3,189, ते वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. जूनमध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) अर्धा टक्का उतरला तरी आमचा हप्ता तेवढाच, बँकेत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी मुदत कमी केली. आमच्यासाठी ते चांगलंच झालं पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात नवतपा (नऊ दिवसांचं कडक ऊन) लागला आणि मागच्या अंगणात जमीन फाटली. दोन-तीन दिवसांत कंपाउंडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि बेडरूममध्ये कॉलम आणि विटांच्या जोडावर केसाएवढी उभी रेघ दिसायला लागली. 26 लाखांच्या घराला महिनाभरात भेग म्हटल्यावर काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही, मी किचनमध्ये जाऊन रडले. मामाजी (माझे सासरे) तेव्हा गावाहून आंब्याची टोपली घेऊन आले होते. त्यांनी काही न बोलता तुरीची काडी घेतली आणि अंगणातल्या भेगेत सोडली, ती जातच राहिली, त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी काडी टेकली नाही. मग हातावरची माती झटकत म्हणाले, "पोरी, हे पांढरी नोहे, काळी आहे. पाणी पेली का फुगते, ऊन लागलं का फाटते."

आपल्याकडे जुन्या लोकांनी गावठाण पांढरीवर, बरडीवर बसवलं आणि काळी पेरायला ठेवली. आताचे लेआउट सगळे त्या काळीतच पडून राहिले, कारण रोडच्या बाजूची वावरं विकली जातात. आमच्या घराच्या जागी तीन वर्षांपूर्वी पऱ्हाटी उभी होती, हे मला घर घेताना माहीत होतं आणि कापसाच्या वावरात लहानाची मोठी होऊनही हे माझ्या डोक्यात आलं नाही याचं वाईट वाटते.

ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी बांधकामाचे फोटो पाहिले, घराचे कॉलम सात फुटांवर मुरमापर्यंत नेलेले आणि प्लिंथ बीम (जोत्यावरचा काँक्रीटचा पट्टा) आहे, म्हणून घराला धोका नाही, रेघ फक्त जोडावरची आहे म्हणाले. कंपाउंडचा पाया मात्र दीड फुटाचा, काळ्या मातीतच ठेवलेला, खाली मुरूम न भरता. बिल्डरला फोन करून करून थकलो, शेवटी लेखी पत्र दिलं. रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरांवरचा कायदा) ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावं लागते, ते पत्रात लिहिलं. दोन महिने लागले पण भिंत पाडून नवीन बांधून दिली, या वेळी खोल खोदून मुरूम भरून. इंजिनिअरच्या सांगण्यावरून आम्ही स्वतःच्या खर्चानं घराच्या चारही बाजूंनी तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा केला, उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पावसाचं आणि धुण्याचं पाणी पायाशी मुरत नाही. मामाजींना बेडरूमच्या खिडकीशी कडुनिंब लावायचा होता, तो पण दूर कोपऱ्यात लावला, झाड मुळाशी पाणी ओढते आणि तिथली माती आणखी आक्रसते.

बाकी गोष्टी. स्लायडिंग खिडकी दिसायला छान पण तिच्यात कूलर बसत नाही, अर्धीच उघडते. आपल्याकडच्या उन्हात हे घर घ्यायच्या आधीच बघायची गोष्ट आहे, आम्ही हॉलची एक खिडकी काढून बदलली. स्लॅब संध्याकाळी सात वाजता पण तव्यासारखा तापलेला राहतो, गच्चीवर पांढरा कोट मारला तेव्हा कुठे खाली झोपता यायला लागलं. नळ एक दिवसाआड, बोअरचं पाणी जड, कूलरच्या ताट्यांवर पांढरे थर चढतात. पिण्याचं पाणी कॅननं आणतो. आतले रोड अजून मुरमाचेच आहेत, पावसाळ्यात मी ड्युटीहून रात्री येताना स्कूटी दोनदा घसरली. लेआउट ग्रामपंचायतीत येते, टॅक्स नगर परिषदेपेक्षा कमी लागते पण स्ट्रीट लाइटसाठी आम्ही बारा घरच्या बाया मिळून अर्ज घेऊन चार वेळा गेलो तेव्हा सहा खांब लागले.

त्या अर्जानंच ओळखी झाल्या. पहिले चार महिने सगळ्यांची दारं बंद, गावात सकाळी ओसरीवर कोणी ना कोणी बसलेलं असते त्याची सवय, मला फार एकटं वाटे. संक्रांतीला हळदी-कुंकू ठेवलं तर एकवीस जणी आल्या, आता कोणाकडे वांगी निघाली की पिशवीभर येतात.

मामाजी दिवाळीनंतर इकडेच राहून राहिले. बेडरूममधल्या त्या रेघेवर त्यांनी पेन्सिलनं तीन ठिकाणी आडव्या खुणा करून बाजूला तारीख लिहून ठेवली आहे, रेघ वाढली किंवा खूण तुटली की कळावं म्हणून, दर पंधरा दिवसांनी चष्मा लावून बघतात. आज सकाळीच पाहिलं, नोव्हेंबरच्या खुणा जशाच्या तशा आहेत. आता मे येऊ द्या, तेव्हाचं परत लिहीन.