ए-लेव्हलला आरएस घ्यावा की फिलॉसॉफी?

इयर इलेव्हनचं, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं, ए-लेव्हलचे (बारावीच्या तोडीच्या परीक्षेचे) विषय निवडणारं मूल घरात असलं की हा फोन ठरलेला. "अगं, मुलगी रिलिजस स्टडीज घेते म्हणतेय. बायबलच शिकवतात ना त्यात?" आमच्या घरातून दोन्ही विषय पार पडलेत. लेकीने आरएस (म्हणजे रिलिजस स्टडीज) केला, भाच्याने फिलॉसॉफी. त्यामुळे इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात आधी, नावावर जाऊ नका. माहितीपत्रकात 'फिलॉसॉफी अँड एथिक्स' किंवा 'आरपीई' (रिलिजन, फिलॉसॉफी अँड एथिक्स) असं छान छापलेलं असतं आणि आत निघतो तो आरएसच. ओपन इव्हनिंगला सरळ परीक्षेचं बोर्ड आणि विषयाचा कोड विचारा. फिलॉसॉफीचा ए-लेव्हल एकटं एक्यूए बोर्ड घेतं, कोड ७१७२. आरएस बऱ्याच बोर्डांचा असतो. लेकीचा ओसीआरचा होता, एच ५७३, म्हणून पुढचं सगळं त्यावरून.

त्यात तीन पेपर, प्रत्येकी दोन तासांचे. पहिला धर्माच्या तत्त्वज्ञानाचा: प्लेटो, अॅरिस्टॉटल, देव असल्याचे युक्तिवाद, जगात दुःख का. दुसरा नीतीचा: अक्वायनस, कांट, उपयुक्ततावाद आणि मग इच्छामरण, व्यवसायातली नीती, लैंगिक नीती. तिसरा एकाच धर्माचा. पर्यायांत हिंदू आणि बौद्ध धर्मही आहेत, पण निवड शाळा करते आणि बहुतेक शाळा ख्रिस्ती धर्मच घेतात. तेव्हा 'आपली संस्कृती शिकेल' या आशेने आरएस देऊ नका. 'पोराला ख्रिस्ती करतील' ही भीतीही नको. देव नाहीच असं मुद्देसूद लिहूनही पूर्ण गुण मिळू शकतात.

प्रश्न म्हणजे निव्वळ निबंध. चारांपैकी तीन, प्रत्येकी ४० गुण. त्यातले १६ माहितीला आणि २४ चिकित्सेला. म्हणजे पाठांतर तर लागतंच, पण नुसत्या पाठांतरावर भागत नाही. लेकीने दुःखाच्या प्रश्नावर पहिल्याच निबंधात पूर्वकर्माचा सिद्धांत लिहिला, आजीकडून ऐकलेला. बाईंनी समासात लिहिलं, 'रंजक, पण ऑगस्टीन कुठे आहे?' तिने पुढे कर्म सोडलं नाही. ऑगस्टीन आणि हिक, म्हणजे दुःखाच्या प्रश्नाला ख्रिस्ती उत्तरं देणारे विचारवंत, आधी मांडून मग कर्माचा सिद्धांत त्यांच्यावर सोडायला शिकली. हे ज्याला जमतं त्याला आरएस मानवतो.

फिलॉसॉफीचा बाज वेगळा. दोनच पेपर, पण तीन-तीन तासांचे, १०० गुणांचे. ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे नक्की काय) आणि नीती एकात, देव आणि मन दुसऱ्यात. इथे ३, ५, १२ आणि २५ गुणांचे प्रश्न. तीन गुणांच्या उत्तरात एक शब्द सैल पडला की गुण गेला. बारा गुणांच्या उत्तरात युक्तिवाद फक्त समजावून सांगायचा. स्वतःचं मत घातलं तर त्याला गुण नाहीत, वेळ मात्र जातो. भाच्याला हे पचायला अख्खी टर्म लागली, कारण मत देणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क.

त्याने एकदा जेवताना आजीला विचारलं, "भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. काटे चार दहावर. तू बघितलंस आणि नेमके चार दहाच झाले होते. मग तुला वेळ 'माहीत' होती का?" आजी म्हणाली, "माहीत कसली, नशीब!" झालं. एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६३ साली तीन पानांत जी पंचाईत करून ठेवली, तिच्या दारात आजी आमटी वाढता वाढता पोचली. ज्या मुलाला अशा कोड्यात तासभर रमायला आवडतं त्याने फिलॉसॉफी घ्यावी. ज्याला 'पण याचा उपयोग काय' हा प्रश्न दहाव्या मिनिटाला पडतो, त्याने नको.

युनिव्हर्सिटीचं म्हणाल तर फार फरक नाही. यूकॅसचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाचं काम बघणाऱ्या संस्थेचे) गुण दोन्हींना सारखेच, ए-स्टारला ५६. पूर्वी रसेल ग्रुप या नामवंत युनिव्हर्सिट्यांच्या गटाच्या 'पसंतीच्या विषयां'च्या यादीत दोन्ही नव्हते; ती यादीच २०१९ मध्ये मोडीत निघाली, तरी व्हॉट्सअॅपवर अजून फिरते. फिलॉसॉफीची पदवी करायलाही सहसा फिलॉसॉफीचा ए-लेव्हल लागत नाही. मेडिसिनला जाणाऱ्याने केमिस्ट्री-बायॉलॉजीच्या जोडीला तिसरा विषय म्हणून आरएस घेतला तर इच्छामरणावरचं वाचन मुलाखतीत थेट कामी येतं. गणित-फिजिक्सवाल्या मुलांना फिलॉसॉफी जास्त रुचते असं मला दिसलंय, पण माझा नमुना दोन पोरं आणि त्यांच्या मित्रांचा.

एकच चाचणी सांगते. दोन्ही बोर्डांचे जुने पेपर वेबसाइटवर फुकट मिळतात. एकेक छापा आणि शनिवारी सकाळी काही न बोलता टेबलावर ठेवा. आमच्याकडे लेकीने तीन गुणांचे प्रश्न वाचून पेपर उलटा ठेवला आणि ओसीआरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने मुद्दे काढायला बसली.