हिरव्या रेक्झिनवरचा रुपया: ५४,३५० गेले, नाणं आलंच नाही

एका जुन्या रुपयाच्या नाण्यापायी ऑनलाइन फसलो. आधी रक्कम सांगतो. १५,००० ॲडव्हान्स, ३१,००० बाकीचे, १,८५० विम्याचे, ६,५०० डिपॉझिटचे. बेरीज ५४,३५०. आमच्याकडच्या हिशेबात जवळपास आठ क्विंटल कापूस. बदल्यात काय आलं? काही नाही. दगड भरलेला डबा तरी येतो म्हणतात लोकांना, मला तोही नाही.

आणि आता लगेच कोणी "लालच वाईट" सुरू करू नका. वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना, ट्रॅक्टरवाली पाचाची नोट, ७८६ चा नंबर, या जाहिरातींना हसणाऱ्यांतला मी माणूस आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली आमचं नाव वापरून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं, तेव्हा ते पत्रक ग्रुपवर टाकणारा मीच. तांदूळ ओढणारं, म्हणजे अंगात चमत्कारी शक्ती असलेलं नाणं आहे म्हणून गावात दोघं आले होते, त्यांना माझ्या किराणा दुकानाच्या पायरीवरून मीच हाकललं. १८१८ सालची रामदरबाराची 'ईस्ट इंडिया कंपनीची' नाणी बोगस असतात, कंपनीनं सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया पाडला तो १८३५ साली, विल्यम राजाच्या छापाचा, हे मी किती जणांना सांगितलं असेल. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. मला फसवणारा हा बेटा आमच्यातलाच होऊन आला, म्हणून जमलं त्याला.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. दुकान आहे, थोडं वावर आहे. नाण्यांचा नाद गल्ल्यातून लागला. आजीच्या गळ्यातले राणी छाप कलदार तर घरातच होते, कडी डागलेले, म्हणजे बाजारात त्यांना चांदीच्या भावापलीकडे किंमत नाही, पण मला आहे. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप विदर्भातल्या संग्राहकांचा. दर रविवारी ज्यानं त्यानं आपल्या आवडत्या नाण्याचा फोटो टाकायचा आणि त्याची हकीकत लिहायची. विक्री नाही, भाव विचारणं नाही, फक्त पाहणं. कोणी नागपूरकर भोसल्यांच्या काळातला रुपया टाकायचा आणि त्याच्यावर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं का, यावर रात्री अकरापर्यंत चालायचं. कोणी भोकाचा पैसा. वाशिमचे एक काका होते, निवृत्त मास्तर, ते मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सापडलेल्या सातवाहनांच्या नाण्यांबद्दल लिहायचे, तेव्हा कोणी मधे बोलत नसे. मी माझं एलिचपूर टांकसाळीचं तांब्याचं नाणं टाकलं होतं. एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूरच. आपल्या वऱ्हाडात टांकसाळ होती हे नागपूरच्या पोरांनाही माहीत नसतं.

फोटो कसा काढायचा यावरही वाद. खिडकीजवळचा उजेड, तिरपा, फ्लॅश नाही. कोणाचं काळं कापड, कोणाची घोंगडी, कोणाचा टेबलाचा सनमायका. इतकी वर्षं पाहून पाहून असं झालं होतं की नाव न वाचता खालच्या कापडावरून कळायचं, फोटो कोणाचा ते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाचं आहे.

त्या ग्रुपवर हा आला. खानदेशातला आहे म्हणाला, सोसायटीत सचिव होतो, आता रिकामा आहे. कोणी ओळखीनं घेतला ते आजपर्यंत कोणी कबूल करत नाही. आल्या आल्या विकायला नाही लागला. जुने जुने फोटो वर काढून त्यावर प्रश्न विचारायचा, "दादा, हा १९१८ चा आहे का, साल नीट दिसत नाही." किती बरं वाटतं असं कोणी विचारलं की! मग मला भोकाच्या पैशांचा संच दिला, १९४३ ते १९४७ पाचही सालं, ३५० रुपये आणि पोस्टाचे ६०. चौथ्या दिवशी टपालानं घरपोच. नाणी चोख. आता तुम्ही सांगा, यावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर?

नंतर त्यानं खासगीत एक फोटो पाठवला. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया.

ज्यांना माहीत आहे त्यांचं काळीज इथंच थांबलं असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: जास्त चांदीचा, म्हणजे जवळपास ९२ टक्क्यांचा, ११.६६ ग्रॅमचा हा शेवटचा रुपया. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली, काठावर मधोमध खाच आली. १९३९ चे फार थोडे बाहेर पडले. म्हणून १९३८ चा आठ कोरून नऊ केलेले ढिगानं फिरतात, आणि खरा असला तर लाखाच्या घरात जातो. हा ४६,००० सांगत होता, पोरीच्या बाळंतपणाची अडचण आहे म्हणून.

मी आकडा मोठा करून करून पाहिला. कोरलेला नव्हता. नाणं खरंच होतं. हेच तर आहे, नाणं खरंच होतं! आणि खाली हिरवं रेक्झिन होतं, कोपऱ्यात शाईचा डाग.

ते रेक्झिन मी ओळखलं. लिहिताना अजून हात थरथरतो, पण लिहितो. ते वाशिमच्या काकांच्या टेबलाचं रेक्झिन. त्यांनीच हा रुपया एका रविवारी टाकला होता, दोन दिवाळ्यांपूर्वी. काका वारले. मी फोटो पाहिला, रेक्झिन ओळखलं, आणि मी काय केलं? मीच त्याला विचारलं, "हे आपल्या वाशिमच्या काकांचं तर नाही?" म्हणजे उत्तर मीच त्याच्या तोंडात घातलं. दोन मिनिटं गेली. मग आलं, "दादा, तुमची नजर लई तेज आहे. घरच्यांनी काढलं विकायला, कोणाला बोलू नका, त्यांना अवघड वाटेल."

झालं. ज्या खुणेवरून मी त्याला पकडायचं, तीच खूण माझी खात्री झाली. उलट मला वाटलं, काकांचं नाणं परक्याच्या हातात जाण्यापेक्षा आपल्याकडे राहावं.

आता सगळे मला विचारतात, काकांच्या घरी एक फोन का नाही केला? अहो, कसा करणार? त्यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या मुलाला विचारू का, बापाची नाणी विकायला काढली काय म्हणून? ज्याला आपल्याकडची रीत माहीत आहे त्यानं नसताच केला. आणि त्या हरामखोराला ती रीत माहीत होती, म्हणून तर "कोणाला बोलू नका" म्हणाला. मी काठाचा फोटो मागितला होता, तो आला, पण पांढऱ्या कापडावर. तेव्हा मी पैसे पाठवून बसलो होतो.

तर ऐका. कोणी नाण्याचा फोटो दाखवला की त्याला सांगायचं, आजची तारीख आणि माझं नाव कागदावर लिहून नाण्याशेजारी ठेव, आणि व्हिडिओ कॉलवर नाणं माझ्यासमोर फिरव, काठ दाखव, काट्यावर ठेव. "कॅमेरा खराब आहे" म्हणाला की बोलणं बंद. ज्याचा कॅमेरा रोज फोटो काढतो तो कॉललाच कसा खराब होतो?

१५,००० दिले. क्यूआर कोडवर नाव भलत्याच मोबाईल शॉपीचं. "पुतण्याचं दुकान आहे." पोस्टाच्या पावतीचा फोटो आला तेव्हा ३१,००० दिले. पावतीवरचा नंबर टाकला तर काहीच दिसेना. "दादा, चढायला वेळ लागतो." १,८५० विम्याचे, पार्सल मिळालं की परत. आणि मग दुसऱ्याच नंबरवरून फोन, हिंदीतून, नागपूरला पार्सल अडकलं आहे, पुरातन वस्तू आहे, ना-हरकत लागेल, ६,५०० डिपॉझिट, नाहीतर केस होईल.

पुरातन वस्तूंचा कायदा १९७२ चा. नाण्याला पुरातन म्हणायचं तर ते शंभर वर्षांच्या वरचं लागतं. १९३९ चं नाणं त्यात बसतच नाही, हे मी आमच्या ग्रुपवर दुसऱ्यांना सांगितलेलं. पण त्या वेळी ४७,८५० अडकलेले होते, घरात कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि केस हा शब्द ऐकला की खेड्यातल्या माणसाचं काय होतं ते ज्यानं ठाण्याची पायरी चढली आहे त्यालाच कळेल. दिले. पुढं त्यानं ९,९९९ मागितले, तेव्हा मात्र मी काकांच्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "नाणं तर कपाटातच आहे, काका. बाबांचं काहीच हलवलं नाही आम्ही." तोवर त्या भामट्याच्या फोटोच्या जागी पांढरा गोळा आला होता. ब्लॉक.

पैसे गेले की पहिलं काम १९३० वर फोन, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर. त्याच तासात, त्याच दिवशी. पैसा पुढच्या खात्यात असेल तोवर गोठवता येतो, नंतर तो दहा खात्यांत फुटतो. मला हे दुसऱ्या दिवशी भाच्यानं सांगितलं, आणि तोवर मी ठाण्यात बसलो होतो.

ठाण्याचं काय सांगू. तालुक्याचं ठाणं, नाव घेत नाही, आणखी एक झंझट नको.

"काय गेलं?"
"रुपया."
"किती रुपये?"
"एक रुपया. म्हणजे ५४,३५०."

तो हवालदार हसला आणि शेजारच्याला बोलावलं. "अरे ऐक बावा, काकानं एका रुपयासाठी पन्नास हजार देल्ले! यंदा पऱ्हाटी चांगली पिकलेली दिसते." चहावाल्या पोरालाही सांगितलं. मग दुसरा आला, तो माझ्याकडे निरखून पाहतो आणि म्हणतो, "गुप्तधन तं नाही ना सापडलं वावरात? खरं सांगा." घ्या! फसलेला मी, आणि १८७८ चा गुप्तधनाचा कायदा मलाच ऐकवायला लागले. आजीच्या कलदारांचीही चौकशी झाली. शेवटी अर्ज घेतला, त्यात मालाचं वर्णन काय लिहिलं माहीत आहे? "जुने नाणे, एक नग, किंमत रु. १." मी म्हटलं, साहेब, किंमत एक रुपया कशी? म्हणे, नाण्यावर लिहिलेली तीच असते ना. पोच मागितली तर शिक्का नाही, शिक्का आहे तर शाई नाही, शाई आली तर साहेब बंदोबस्ताला. मग जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणे, आरोपी खानदेशातला, तिकडं जा. अरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे, गुन्हा कुठंही घडो, माहिती नोंदवून घ्यायची. मी त्याची झेरॉक्स नेली. साहेब म्हणाले, "वकील आहात का?" नाही साहेब, किराणा दुकानदार आहे, उधारी सुद्धा याच्यापेक्षा नीट लिहून घेतो.

बँकेत तर त्याहून भारी. "पिन तुम्हीच टाकला ना? मग यात फसवणूक कशी?" म्हणजे चोरानं माझा हात पकडून पिन टाकायला हवा होता. फॉर्म दिला, तो इंग्रजीत, भरला, तर म्हणे आधी एफआयआर आणा. ठाण्यात म्हणे आधी बँकेचं पत्र आणा. मधल्या काळात त्या मोबाईल शॉपीच्या खात्यात काय राहणार आहे? हे दोघं एकमेकांकडे मला पाठवत राहिले आणि माझा दुकानाचा धंदा बुडला, तो हिशेबात धरलेलाच नाही. ऑनलाइन तक्रार भाच्यानं टाकून दिली, तिचा नंबर आला, त्यावर "प्रक्रियेत" एवढंच दिसतं. कोणत्या प्रक्रियेत, कोणाच्या, देव जाणे.

सगळ्यांत वाईट अजून सांगितलंच नाही. एका संध्याकाळी सोलापूरकडच्या एका माणसाचा फोन, आईवरून शिव्या. माझं एलिचपूरचं नाणं मी त्याला ८,२०० ला विकलं आणि पाठवलं नाही म्हणे. फोटोत माझी घोंगडी, माझा अंगठा, नाणं ठेवायच्या होल्डरवर माझ्या अक्षरातलं माझं नाव. नाणं माझ्या डब्यात! तासभर समजावलं, त्याला व्हिडिओ कॉलवर नाणं दाखवलं, तरी त्याचा शेवटचा शब्द, "मग तुमचा फोटो त्याच्याकडं कसा?" आता माझ्यावरच तक्रार झाली तर ती मात्र आमचं ठाणं लगेच नोंदवून घेईल, याची मला खात्री आहे.

म्हणून फोटो टाकायचा तर त्यावर आरपार आपलं नाव आणि "विक्रीसाठी नाही" लिहून टाका, कोपऱ्यात नाही, कोपरा कापता येतो, नाण्याच्या मधोमध. पाहणाऱ्याला त्रास होतो, होऊ द्या. कोणी वारला तर त्याच्या घरच्यांना ग्रुपवर घ्या, म्हणजे विचारायला लाज वाटणार नाही. नवीन माणूस जुने फोटो वर काढून फार कौतुक करत असेल तर ॲडमिननं आधी त्याला फोन करावा. आमचा ॲडमिन म्हणतो, "ग्रुपवर व्यवहार झाला नाही, आमचा संबंध नाही." बरोबर आहे, त्याचा कशाशीच संबंध नसतो.

बायको अजून बोलत नाही. एकदाच बोलली, "पऱ्हाटी विकून रुपया घेतला, तोही आला नाही."

आणि तो भामटा थांबलेला नाही. परवा भाच्यानं दुसऱ्या एका ग्रुपवर पाहिला, नाव बदललंय, आता म्हणे मराठवाड्यातला आहे. १९११ चा पंचम जॉर्जचा पिग रुपया टाकलाय, तोच, झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो तो. १२,००० सांगतोय, घरातल्या ऑपरेशनची अडचण आहे म्हणून. फोटोत खाली निळ्या चौकडीचा रुमाल आहे, एका टोकाला पिवळा दोरा निघालेला. ज्याचा असेल त्यानं ओळखा आणि आजच सगळ्यांना फोन लावा.